वाचक विचारतात: व्हिएतनामची जुनी देवळं, विसरलेली लिपी आणि आपला मोबाईल

मागच्या अंकात व्हिएतनामबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, की तिथल्या सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये एक कार्यक्रम मंजूर केला, २०३० पर्यंत देशाचा सांस्कृतिक वारसा डिजिटल करायचा म्हणून, आणि जाता जाता विचारलं होतं की आपल्याकडे असं काही सुरू झालं तर तुम्ही आधी काय वाचवाल. वाटलं दोनचार पत्रं येतील. आला ढीग. त्यातली काही घेतेय, लांब होती ती कापलीत, रागावू नका.

ताई, माझा मुलगा आणि सून दिवाळीत व्हिएतनामला जाऊन आले. हनोईत एक जुनं मंदिर की विद्यापीठ काहीतरी आहे, तिथे रात्री भिंतीवर लाईटचा शो चालू होता, त्याचा व्हिडिओ दाखवला. भारीच होता. पण मला वाटून राहिलं की याला संस्कृती वाचवणं म्हणाचं का फुटाळ्याच्या फाउंटनसारखं नुसतं पाहाचं आणि आइस्क्रीम खाऊन घरी याचं? — एक आजी, सक्करदरा

आजी, प्रश्न नेमका आहे. ती जागा म्हणजे वान मिएऊ, १०७० मध्ये बांधलेलं कन्फ्युशियसचं मंदिर, आणि त्याच आवारात त्यांचं जुनं राजेशाही विद्यापीठ. दगडी कासवांच्या पाठीवर उभे केलेले ८२ शिलालेख आहेत तिथे. १४४२ पासून १७७९ पर्यंतच्या राजदरबारी परीक्षांत जे पास झाले त्यांची नावं, गावं सगळं कोरलेलं, म्हणजे आपल्याकडे पेपरात मेरिट लिस्ट यायची ना, तशी, फक्त दगडावर. परीक्षेच्या आधी पोरं येऊन कासवाच्या डोक्यावर हात फिरवायची, इतका की डोकी गुळगुळीत झाली, शेवटी कठडा लावावा लागला. रात्रीचा शो २०२३ पासूनचा, त्याला थ्रीडी मॅपिंग म्हणतात, भिंतीच्या आकाराप्रमाणे चित्र बसवून प्रोजेक्टरने टाकतात.

माझं मत विचाराल तर शो वाईट नाही पण त्याला जतन म्हणू नये. तो तिकीट विकतो, तरुण पोरांना रात्री आठ वाजता आत आणतो, त्या पैशातून बाग आणि छप्पर नीट राहत असेल तर चांगलंच. पण उद्या प्रोजेक्टर बंद पडला तर वारशाचं काहीच बिघडत नाही, आणि उद्या दगड फुटला तर प्रोजेक्टरने काहीच होत नाही. त्या दगडांचं खरं जतन फार आधी सुरू झालं, आणि ते फार साधं होतं: दगडावर कागद चिकटवायचा, ठोकून ठोकून खाचेत बसवायचा, वरून शाई फिरवायची, अक्षरं पांढरी आणि बाकी काळं असा ठसा निघतो. फ्रेंचांच्या काळात देशभरच्या शिलालेखांचे असे हजारो ठसे घेतले गेले आणि ते आज हनोईच्या हान-नोम संस्थेत, म्हणजे जुन्या लिप्यांतल्या लिखाणाच्या संस्थेत, आहेत. कितीतरी दगड नंतर झिजले, हरवले, लढायांत गेले, ठसे राहिले.

आणि नुसता म्हाताऱ्या दगडांचाच प्रश्न नाही हा. मे २०२५ मध्ये ह्वे शहरातल्या थाय होआ महालात एक माणूस सरळ न्गुयेन राजांच्या सिंहासनावर जाऊन बसला आणि त्याचा हात ठेवायचा भाग मोडून टाकला. राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेली वस्तू, बघता बघता. अशा वेळी कारागिराला काय लागतं? मोडायच्या आधीचं माप, चारही बाजूंचे फोटो, रोगणाचा रंग कुठे किती. ज्या स्कॅनला कोणी बघत नाही, ज्याचं कोणी तिकीट काढत नाही, तोच तेव्हा कामाला येतो.

मी सरकारी खात्यातून रिटायर झालेला सिव्हिल इंजिनीअर. व्हिएतनाममधल्या माय सनच्या शिवमंदिरांबद्दल वाचलं, आपले पुरातत्त्व खात्याचे लोक तिथे काम करून आले. विटांमधे मॉर्टर दिसतच नाही म्हणे. लेझर स्कॅन करून नेमका उपयोग काय? आणि कॉम्प्युटरवर अख्खं देऊळ उभं करता येते तर मग जागेवर का नाही करत? — धरमपेठ

सर, तुमच्या पत्राला सगळ्यात जास्त जागा देतेय, कारण इथे सांगण्यासारखं खूप आहे.

माय सन म्हणजे दा नांगच्या नैर्ऋत्येला डोंगरांच्या खोबणीत असलेला देवळांचा समूह. चंपा राज्याचे राजे ४थ्या शतकापासून १३व्या शतकापर्यंत तिथे बांधत राहिले. पहिलं देऊळ भद्रवर्मन राजाचं, आणि त्यातला देव भद्रेश्वर, म्हणजे राजाचं नाव आणि पुढे ईश्वर. आता आपल्या रामटेकजवळच्या मनसरला जा. हिडिंबा टेकडीवर जे विटांचं प्रचंड बांधकाम निघालं ते अभ्यासकांच्या मते वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचं प्रवरेश्वराचं देवस्थान, ५व्या शतकातलं. दोघांत समुद्र आहे, पण राजा, वीट, शंकर आणि राजाच्या नावाचा देव, पद्धत एकच. नागपूरच्या माणसाने व्हिएतनामला जायच्या आधी एकदा मनसरला चक्कर मारावी असं माझं स्पष्ट मत आहे, जबलपूर रोडने तासाभराचं काम, आणि बहुतेक वेळा तुम्ही एकटेच असता तिथे.

तर माय सन. फ्रेंच वास्तुतज्ज्ञ आंरी पारमांतिए यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे बसून एकेक देवळाचं माप घेतलं, नकाशे काढले, सत्तरच्या वर इमारतींची नोंद केली आणि त्यांना ए, बी, सी अशी गटवार नावं दिली, तीच आजही चालतात. त्यातलं ए-१ हे सगळ्यात देखणं, सुमारे २४ मीटर उंच. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकन विमानांनी त्या खोऱ्यात बॉम्ब टाकले आणि ए-१ गेलं. म्हणजे आज ए-१ कसं होतं हे कळायला आपल्याकडे आहे काय, तर एका माणसाने हाताने काढलेली ड्रॉइंग आणि जुने फोटो. कॉम्प्युटरवर तुम्ही ए-१ चं जे मॉडेल बघता ते त्या ड्रॉइंगमधून येतं. सॉफ्टवेअर भारी असेल, पण ते १९६९ च्या मागे जाऊन काहीही मोजू शकत नाही.

लेझर स्कॅन काय करतं ते तुम्हाला टोटल स्टेशनमुळे (सर्व्हेत अंतर मोजायचं यंत्र) लगेच समजेल. यंत्र किरण सोडतं, परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर, असे लाखो, कोट्यवधी बिंदू जमा होतात आणि भिंतीची सूक्ष्म प्रतिकृती बनते. खरा फायदा आहे तो दुसऱ्यांदा स्कॅन करण्यात. आज केलं, पाच वर्षांनी परत केलं, दोन्ही एकावर एक ठेवले की भिंत किती झुकली, भेग किती वाढली, कुठली वीट बाहेर आली हे मिलिमीटरमध्ये निघतं. एकदाच स्कॅन करून वेबसाइटवर फिरतं मॉडेल टाकलं तर ते छान दिसतं एवढंच.

आता विटा. चाम, म्हणजे चंपाच्या, कारागिरांच्या भिंतीत सांधा इतका बारीक की ब्लेड जात नाही. अनेक तज्ज्ञांचं म्हणणं आहे की विटा एकमेकींवर घासून बसवल्या आणि मधे झाडाच्या राळेसारखा चिकट पदार्थ वापरला, तिथल्या जंगलात अशी राळ देणारी झाडं आहेतच, त्या राळेने आजही होड्यांची लाकडं लेपतात. पण रेसिपी लिहून ठेवलेली नाही, त्यामुळे वाद अजून संपला नाही. आणि नक्षी? ती विटांवर वेगळी कोरून लावलेली नाही. आधी भिंत उभी केली मग भिंतीवरच कोरली, म्हणजे एका अप्सरेच्या गालाला चार विटा. तुम्ही त्यातली एक वीट बदला, गाल गेला.

म्हणून जागेवर उभं करत नाहीत. नवीन विटा दिसायला तशाच केल्या तरी त्यांच्यावर क्षार फुलून पांढरं येतं, शेवाळ धरतं, शेजारची हजार वर्षांची वीट लाल कोरडी आणि ही दहा वर्षांची पांढरीहिरवी, असं तिथल्या दुरुस्त्यांत झालेलं आहे. इटलीच्या तज्ज्ञांनी युनेस्कोसोबत 'जी' नावाच्या गटावर कितीतरी वर्षं काम केलं ते बरंचसं याच मटेरियलच्या अभ्यासात गेलं. आपल्या पुरातत्त्व खात्याची टीम २०१७ पासून के, एच आणि ए या गटांवर होती, त्यांचं कामही मुख्यतः मलबा उचलणं, पडलेले तुकडे ओळखून जागच्या जागी बसवणं, भिंतीला आधार देणं. त्यातच २०२० मध्ये ए-१० मधे अखंड वालुकाश्माचं ९व्या शतकातलं शिवलिंग निघालं, तेव्हा आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी फोटो टाकला होता, तुम्ही पाहिला असेल. ते कोणत्या यंत्राने शोधलं नाही हो, माती काढताना निघालं. घमेलं आणि ब्रश. मला हे सांगायला फार आवडतं.

एक गोष्ट राहिली. ज्यांच्या पूर्वजांनी हे बांधलं ते चाम लोक आता माय सनच्या आजूबाजूला फारसे नाहीत, बरेचसे दक्षिणेकडे, फान रांगच्या बाजूला राहतात, काही अजून शंकराची त्यांच्या पद्धतीने पूजा करतात, काही मुसलमान आहेत. तिथे पो क्लोंग गाराय नावाचं विटांचंच देऊळ आहे आणि काते सणाला तिथे आजही पुजारी, वाद्यं, गर्दी सगळं असतं. माझ्या मते स्कॅनरवाल्याने तिथेही बसावं, दिवसभर, नुसतं.

घरी मोडीतली जुनी कागदं आहेत, पणजोबांच्या वेळची, भोसल्यांच्या काळातली पण असतील असं बाबा म्हणतात. व्हिएतनामचीही जुनी लिपी आता कोणी वाचत नाही असं तुम्ही लिहिलं. एआयला फोटो दिला तर वाचून देईल का? त्यांनी कसं केलं? — बी.ए. दुसरं वर्ष, नंदनवन

त्यांच्या लिपीचं नाव नोम. चिनी अक्षरं घ्यायची आणि त्यातून आपली भाषा लिहायला नवी अक्षरं जोडून बनवायची असा तो प्रकार. उदाहरण बघ: तीनला व्हिएतनामी भाषेत 'बा' म्हणतात. तर नोममधे एकाच अक्षरात दोन तुकडे, एक चिनी 'तीन', तो अर्थ सांगतो, दुसरा 'बा' असा आवाज देणारं चिन्ह. म्हणजे वाचायला आधी चिनी अक्षरं यायला हवीत आणि वर व्हिएतनामी. शेकडो वर्षं कविता, औषधांच्या वह्या, गावचे करार, नाटकं त्यात लिहिली गेली. त्यांचं सगळ्यात लाडकं काव्य, ३,२५४ ओळींचं, म्हाताऱ्या बायकांनाही पाठ असलेलं, ते मूळ नोममधलंच. मग ख्रिस्ती मिशनऱ्यांनी रोमन अक्षरांची पद्धत आणली, १६५१ मध्ये रोममध्ये त्याचा शब्दकोश छापला गेला, फ्रेंच राजवटीत तीच शाळेत आली, १९१९ मध्ये ह्वेला जुन्या पद्धतीची शेवटची राजदरबारी परीक्षा झाली आणि दोन पिढ्यांत नोम वाचणारे मूठभर उरले. नातवाला आजोबांचं पत्र वाचता येईना. आपल्या मोडीसारखंच, फक्त आपली मोडी गेली तरी भाषेची दुसरी लिपी देवनागरी आपल्याकडे आधीपासून होती म्हणून धक्का कमी बसला.

मग काय केलं. १९९९ मध्ये अमेरिकेत नोम जतनासाठी एक फाउंडेशन सुरू झालं, त्यात जॉन बालाबान हा अमेरिकन कवी आणि काही व्हिएतनामी कॉम्प्युटर आणि भाषेची माणसं. त्यांनी जे केलं ते सांगायला गेलं तर बोरिंग आहे आणि म्हणूनच महत्त्वाचं. प्रत्येक अक्षराला नंबर मिळवून देणं. युनिकोड म्हणजे तेच ना, जगातल्या प्रत्येक अक्षराचा एक पक्का नंबर, जो सगळ्या फोन-कॉम्प्युटरना माहीत असतो. २००१ मध्ये हजारो नोम अक्षरं युनिकोडच्या यादीत आली. मग फॉन्ट, मग अक्षरकोश, मग हनोईच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या जुन्या पोथ्यांचे फोटो ऑनलाइन. २०१८ मध्ये फाउंडेशनने आपलं काम थांबवलं, पण ते नंबर कुठे गेले नाहीत, ते आता तुझ्या फोनमधेही आहेत. संस्था बंद होतात, वेबसाइटचं भाडं कोणी भरत नाही, तरी टिकतं ते असलं पायाभूत काम.

आता एआय. एआय अक्षर ओळखायला शिकतं ते आधी माणसांनी वाचून ठेवलेल्या पानांवरून. पानाचा फोटो आणि शेजारी त्याचं बिनचूक टायपिंग अशा जोड्या त्याला हजारोंनी लागतात. नोमच्या छापील लाकडी ठशांच्या पुस्तकांवर असे प्रयोग होतायत कारण तिथे अक्षरं सुटी आणि एकसारखी. मोडीचं दुखणं वेगळं, बोरू न उचलता लिहिलेली, प्रत्येक कारकुनाचा हात वेगळा, शब्द कुठे तुटतो तेच कळत नाही. मोडी युनिकोडमधे २०१४ ला आली, म्हणजे पाया आहे, पण जोड्या कमी. त्यामुळे आज तू मोबाईलमधल्या कुठल्याही चॅटबॉटला तो कागद दिलास तर तो न अडखळता काहीतरी छान वाचून देईल, शिवाजी महाराज पण घुसवेल मधे, आणि त्यातलं बरंचसं थापा असेल. विश्वास ठेवू नकोस. मोडीचा कोर्स कर, गावोगावी होतात, ऑनलाइनही असतात, चारसहा महिन्यांत घरचे कागद लागायला लागतात. आणि तू वाचलेलं पान टाइप करून ठेवलंस की तीच एक जोडी झाली, पुढच्या मशीनसाठी.

अजून एक, आपल्याच भागातलं. गोंडी लिहायच्या दोन लिप्या युनिकोडमधे आल्या आहेत, मसराम गोंडी २०१७ ला आणि गुंजाळा गोंडी २०१८ ला. नागपुरात कितीजणांना हे माहीत आहे? तुझ्या कॉलेजात विचारून बघ.

आणि कृपा करून ती कागदं लॅमिनेट करू नकोस. हात जोडते. सपाट जागी ठेवून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून सरळ वरून फोटो काढ, दोन्ही बाजूंचे, कोरी असली तरी मागची बाजू पण, शिक्का कधीकधी मागेच असतो.

इन्स्टावर 'प्राचीन व्हिएतनामची राणी' वगैरे एआयचे फोटो येतात, ड्रेस इतके सुंदर असतात की मी प्रोजेक्टसाठी वापरणार होते. मॅडम म्हणाल्या खोटे आहेत. काऊन? — फॅशन डिझाइन, प्रतापनगर

मॅडम बरोबर. एआयने नेटवर जे ढिगाने आहे तेच कालवलं: चिनी सिरियलचे झगे, जपानी ओबी (रुंद कमरपट्टा), आणि आजचा आओ झाय, म्हणजे व्हिएतनामी बायकांचा लांब अंगरखा. आजचा तो अंगाला चिकटलेला आओ झाय १९३० च्या दशकात हनोईत घडला. त्याच्या आधीचा पाच पट्ट्यांचा, सैलसर, उजवीकडे पाच गुंड्यांचा, त्याची सुरुवात १७४४ च्या दरबारी फर्मानापर्यंत नेतात. चार पट्ट्या दोन्हीकडच्या आईवडिलांच्या आणि आतली पाचवी घालणाऱ्याची असं तिथे सांगतात. तिथली तरुण पोरं गेली काही वर्षं जुने फोटो, राजवाड्यातले कपडे, थडग्यांत सापडलेली कापडं बघून असे कपडे शिवून घेतात, घालून हिंडतात, आणि एखाद्याने चुकीची कॉलर लावली तर फेसबुकवर त्याची अशी सालटी काढतात की बस. तुला एआयचा भरवसा कळायचा असेल तर त्याला 'वऱ्हाडातली म्हातारी, नऊवारीत' सांग आणि काष्टा कुठे जातो ते बघ. प्रोजेक्टसाठी म्युझियमच्या साइटवरचे खरे फोटो घे, कमी चमकतात, मार्क जास्त मिळतील.

नमस्कार ताई. आमचं गाव वडसा बाजूचं, मी नोकरीसाठी नागपूरला. गावात दंडार (आमच्याकडचा गाण्यानाचाचा खेळ) करणारे आता चारपाच म्हातारे उरले, मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, पण आता डीजे आणि हंगामा. दिवाळीत मी मोबाईलवर थोडं शूट केलं, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी अंगठे दिले आणि झालं. याचं पुढे काय करू? व्हिएतनाममधे असं काही वाचवलं का कोणी? — हुडकेश्वर रोड

वाचवलं, दादा. 'का त्रू' नावाचं गाणं. उत्तर व्हिएतनामचं. एक बाई गाते आणि हातात बांबूच्या पट्टीवर लाकडी दांड्यांनी ताल धरते, एक माणूस लांब दांडीचं तीन तारांचं वाद्य वाजवतो, आणि तिसरा जो ढोल वाजवतो तो कलाकार नाहीच, तो रसिक. गाणं आवडलं की तो ढोलाच्या कडेवर ठोका देतो, म्हणजे दाद द्यायला पण शिकावं लागतं. फ्रेंच काळात हे गाणं शहरातल्या कोठ्यांशी जोडलं गेलं, बाया बदनाम झाल्या, १९४५ नंतर तर घरातल्या मुलींनाही सांगायची सोय नाही की आई 'का त्रू' गायची. लावणीवाल्या घरांना हे समजावून सांगायला नको.

१९७६ मध्ये त्रान वान खे नावाचे संगीताचे अभ्यासक, राहायला पॅरिसला, हनोईला आले आणि त्यांनी क्वाक थी हो या म्हाताऱ्या गायिकेला टेपवर रेकॉर्ड केलं. ती टेप बाहेर गेली, १९७८ मध्ये त्या बाईंना आंतरराष्ट्रीय संगीत परिषद आणि युनेस्कोचा सन्मान मिळाला, आणि मग घरच्यांना कळलं की आपल्याकडे काय आहे. हे नेहमीचंच म्हणा, बाहेरच्याने वाहवा केली की मग आपले डोळे उघडतात. पण टेपने गाणं वाचलं असं मी म्हणणार नाही. टेपमुळे बदनामी धुतली गेली, लोक त्या बाईंकडे शिकायला आले, समोर बसून, महिनोन्‌महिने, हातातल्या दांड्या कशा पडतात ते बघत. तरीही २००९ मध्ये युनेस्कोने का त्रूला घेतलं ते तातडीने वाचवायच्या यादीतच. आज हनोईत मंडळं आहेत, तरुण मुली गातात, यूट्यूबवर भरपूर आहे. यूट्यूबवर ऐकून गळा थोडा तयार होतो, त्या बांबूवरचा ठोका नाही होत. तो समोरचा माणूस 'चुकलं, परत' म्हणतो तेव्हा होतो.

म्हणून तुमच्यासाठी माझं सांगणं असं की कार्यक्रमाचं शूटिंग कमी करा आणि तालमीचं जास्त. म्हातारे एखाद्या पोराला शिकवताहेत, रागावताहेत, पाय असा नाही असा टाक म्हणताहेत, ते शूट करा. मोबाईल हातात धरून नाही, स्टूलवर किंवा खुर्चीला बांधून, आडवा, पूर्ण माणूस दिसेल असा, डोक्यापासून पायापर्यंत, दंडारीत पायच कापले तर काय राहिलं. तोंडाचा क्लोजअप नंतर कितीही घ्या. पंखा बंद करा, वारा असेल तर भिंतीच्या आडोशाला बसवा. आवाज वेगळ्या फोनवर पण घ्या, रेकॉर्डिंग ॲपच्या सेटिंगमधे वेव्ह फॉरमॅट असतो तो निवडा, फाइल मोठी होते, होऊ द्या. गाणं झालं की लगेच विचारा: हे कोणी शिकवलं, कधी म्हणतात, हा शब्द काय आहे. ते उत्तर गाण्याइतकंच मोलाचं आहे आणि ते कोणी रेकॉर्ड करत नाही.

व्हॉट्सॲपवर टाकलं की व्हिडिओ दाबून लहान होतो, ती प्रत जतनाच्या कामाची नाही, मूळ फाइल फोनमधून केबलने काढून घ्या, अजून असेल तर आजच. फाइलचं नाव गावाचं, तारखेचं, गाणाऱ्याचं ठेवा, नाहीतर तीन वर्षांनी तुम्हालाच कळणार नाही की आकड्यांची ती लांबलचक फाइल कोणाची. तीन जागी ठेवा, त्यातली एक तुमच्या घराबाहेर. पेन ड्राइव्हला मी जागा धरत नाही.

आणि विचारून घ्या. कुठलं गाणं जगाला दाखवायचं आणि कुठलं फक्त गावात राहू द्यायचं हे त्या म्हाताऱ्यांनी ठरवावं, तुम्ही किंवा मी नाही. एक प्रत त्यांच्या घरी ठेवून या, ज्याच्या घरी टीव्हीला पेन ड्राइव्ह लागतो अशा घरी. (हो, इथे चालेल पेन ड्राइव्ह, बघायला आहे तो, ठेवायला नाही.) पुढच्या मंडईच्या आधी दोन पोरं जरी ते बघून म्हाताऱ्यांकडे गेली तर मला कळवा, पुढच्या अंकात छापते.

व्हिएतनामच्या पाण्यावरच्या बाहुल्या कशाच्या करतात? पाण्यात सडत नाहीत का? — इयत्ता सातवी, महाल

उंबराच्या लाकडाच्या, बेटा! आपलाच उंबर, हलका आणि पाण्यावर तरंगणारा. वरून रोगणाचे थर देतात, तरी सडतातच, म्हणून दर थोड्या काळाने नव्या कोराव्या लागतात आणि त्यामुळे कोरणारे कारागीर रिकामे बसत नाहीत. या खेळाचा उल्लेख ११२१ च्या एका शिलालेखात आहे. बाहुल्या नाचवणारे पडद्यामागे कमरेएवढ्या पाण्यात उभे असतात, पाण्याखालून लांब बांबू धरून. आतलं यंत्र कसं चालतं ते पूर्वी घराबाहेर सांगत नसत.

जानेवारीत दा नांग-होई आन बुकिंग केलंय. माय सन एका दिवसात होते का? — मनीषनगर

अर्ध्या दिवसात होतं. होई आनपासून साधारण ४० किलोमीटर. सकाळी पहिल्या गाड्यांबरोबर निघा, दहानंतर बसेसची गर्दी आणि दमट हवा. जमलं तर आदल्या दिवशी दा नांगचं चाम शिल्पांचं म्युझियम बघून घ्या, १९१९ पासूनचं आहे, माय सनच्या बऱ्याच चांगल्या मूर्ती तिथे आहेत, देवळात गेल्यावर कोनाडे रिकामे का दिसतात ते मग विचारावं लागत नाही. ए गटापर्यंत चालत जा, बरेच टूरवाले बी-सी-डी दाखवून परत फिरवतात. छत्री ठेवा जवळ, जानेवारीतही.